चार, बारा, आठ

आपल्याकडच्या बऱ्याच साखर कारखान्यांत पाळी बदलते ती पहाटे चारला, दुपारी बाराला आणि रात्री आठला. गळीत हंगाम सुरू झाला की प्रवरेच्या दोन्ही काठांवरची कितीतरी घरे या तीन वेळांना बांधली जातात. डबा कधी भरायचा, पाणी कधी तापवायचे, मुलांनी कोणत्या खोलीत खेळायचे, पाहुण्यांना कोणत्या आठवड्यात बोलवायचे, हे सगळे त्यावरून ठरते. दिवाळीच्या आगेमागे मोळी गव्हाणीत पडते आणि ऊस असेल त्याप्रमाणे फेब्रुवारी-मार्चपर्यंत, कधी त्याच्याही पुढे, गाळप चालू राहते. तेवढे महिने हजारो माणसे ठरावीक दिवसांनी आपली झोपेची वेळ बदलत असतात. त्यांच्या पगारावर, बोनसवर, कायम आणि हंगामी या भेदावर आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. त्यांच्या झोपेवर मात्र कोणी बोलत नाही, ते स्वतःही नाहीत. या पुस्तकाचा विषय ती झोप आहे.

सुरुवात कोल्हारपासून करण्याला कारण आहे. नगर-मनमाड रस्ता प्रवरा ओलांडतो तो इथे. नदीच्या एका अंगाला राहाता तालुक्यातले कोल्हार बुद्रुक आणि दुसऱ्या अंगाला राहुरी तालुक्यातले कोल्हार खुर्द. इथूनच एक रस्ता लोणी, संगमनेर, अकोले करत घोटीकडे जातो. शेजारच्या लोणीला, आजच्या प्रवरानगरात, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून उभा राहिलेला सहकारी साखर कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला आणि महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाचे अर्थकारण त्याने पालटून टाकले. त्याच लोणीत पुढे मोठे रुग्णालय झाले, महाविद्यालये झाली. उत्तरेला शिर्डी. तिथे पहाटेच्या काकड आरतीपासून रात्रीच्या शेजारतीपर्यंत भाविकांची रीघ असते आणि लॉजचे दार तर रात्रभर उघडे असते. त्यामुळे कोल्हारच्या एकाच गल्लीत बॉयलरवरचा फायरमन, रुग्णालयातली परिचारिका, लॉजच्या काउंटरवरचा मुलगा, मालट्रकचा चालक आणि सुरक्षारक्षक शेजारी शेजारी राहू शकतात. त्यांची कामे वेगवेगळी आहेत. रात्री जागायचे आणि दिवसा झोप शोधायची, एवढे मात्र सगळ्यांच्या वाट्याला सारखे आले आहे.

कारखाना रात्री का चालवावा लागतो, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. नाहीतर सगळा दोष मालकाच्या किंवा संचालकांच्या हट्टावर टाकून आपण मोकळे होऊ. तोडलेला ऊस थांबत नाही. तोडीनंतर जितका वेळ जाईल तितकी त्यातली साखर घटते, आणि चोवीस तासांपलीकडे गेलेल्या उसाचा उतारा कोणत्याही चिफ केमिस्टला नको असतो. काढलेला रस आंबतो. बॉयलर विझवून सकाळी पुन्हा पेटवायचा म्हटले तर वाफ तयार व्हायलाच अर्धा दिवस जाईल. पॅनवर शिजत असलेला मासेक्वीट, म्हणजे साखरेचा घट्ट पाक, अर्ध्यावर सोडून घरी जाता येत नाही. रुग्णालयाबद्दल तर सांगायलाच नको. बाळंतपण आणि अपघात घड्याळ पाहून येत नाहीत. म्हणजे रात्रीचे काम राहणार आहे. राहणार आहे म्हणूनच ते करणाऱ्या माणसाच्या शरीराचे काय होते, हे आपल्याला माहीत असायला हवे.

शरीराला स्वतःचे घड्याळ आहे, ही गोष्ट आता वादातीत आहे. फळमाशीवर काम करताना या घड्याळाचे जनुक हाती लागले आणि ते पेशीत नेमके कसे चालते हे उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रोसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसात हे मुख्य घड्याळ मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, तांदळाच्या दाण्याहूनही लहान अशा पेशींच्या पुंजक्यात असते. त्याचा फेरा साधारण चोवीस तासांचा, आणि ते रोज लावून घेते ते डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडाने. अंधार पडला की मेलाटोनिन स्रवू लागते, शरीराचे तापमान उतरू लागते, आणि पहाटे चार-पाचच्या सुमारास ते सर्वांत खाली असते. त्या वेळी लक्ष सर्वांत ढिले, हात सर्वांत मंद आणि मनही सर्वांत खचलेले असते.

घड्याळ एवढे एकच नाही. यकृत, स्वादुपिंड, आतडी, हृदय यांच्या पेशींतही आपापली घड्याळे आहेत. मेंदूतले घड्याळ उजेडावर चालते. यकृताचे घड्याळ मात्र आपण कधी जेवतो याकडेही पाहते. दिवसा उन्हात फिरणारा आणि रात्री दोनला डबा उघडणारा माणूस या दोन घड्याळांना वेगवेगळ्या वेळा सांगत राहतो. मुख्य कालव्याचे आवर्तन एका वेळापत्रकाने सुटावे आणि चाऱ्यांची दारे दुसऱ्याच वेळापत्रकाने उघडावीत, तशी ही अवस्था असते: पाणी आहे, पण लागेल तिथे, लागेल तेव्हा नाही. रात्री दोनला खाल्लेल्या भाकरी-भाताची साखर रक्तातून उतरायला दिवसापेक्षा जास्त वेळ लागतो, कारण त्या वेळी इन्शुलिनचे काम मंदावलेले असते. रात्रपाळीवाल्याचे पोट वारंवार बिघडते, जळजळते, कोठा जड होतो. याचे कारण तो काय खातो यात आहे, तसेच कधी खातो यातही आहे.

आता त्या तीन पाळ्यांकडे पाहू. सगळ्यांचे बोट रात्री आठ ते चारवर जाते. ती अवघड आहेच. चारला सुटलेला माणूस हात-पाय धुऊन, थंडीत मोटारसायकल हाकत पाऊण-एक तासात घरी पोचतो. डिसेंबरात उजाडायला सात वाजतात, म्हणजे अंधारात अंग टाकायला त्याला थोडा अवधी मिळतो. हा या वेळापत्रकाचा एक लहानसा लाभ आहे. सकाळी आठला सुटणाऱ्या शहरातल्या कामगाराला तोही नाही. पण त्याच वेळी गोठा जागा होतो. संकरित गाई पाळणाऱ्या या भागात पहाटेची धार आणि डेअरीची वेळ चुकवता येत नाही. मग मुलांची शाळा, कुकरच्या शिट्ट्या, दारावर भाजीवाला, मंदिराचा किंवा लग्नाचा भोंगा, आणि दर तासाला फोन. दिवसाची झोप रात्रीच्या झोपेपेक्षा दोन-तीन तासांनी कमी भरते, हे जगभर आढळले आहे, आणि त्याला गोंगाट हे एकच कारण नाही. शांत, अंधाऱ्या खोलीतही शरीर दुपारपर्यंत आपणहून जागे होते, कारण त्याच्या घड्याळात तेव्हा दिवस असतो.

माझ्या मते मात्र सर्वांत दुर्लक्षित पाळी आहे ती पहाटे चार ते दुपारी बाराची. कागदावर ती दिवसपाळी दिसते. दुपारी मोकळे झालो, शेतात चक्कर टाकता आली, म्हणून अनेकांना ती आवडतेही. पण चारला गेटवर हजर व्हायचे म्हणजे अडीच-तीनला उठणे आले. सात तास झोपायचे तर संध्याकाळी साडेसातला अंथरुणात पडायला हवे. आणि नेहमीच्या झोपेच्या वेळेआधीचे दोन-तीन तास शरीर झोपायला सर्वांत नाखूश असते. माणूस डोळे मिटून पडून राहतो, दहाला कुठे डोळा लागतो, अडीचला गजर. असे सहा दिवस. शिवाय त्याला यंत्र हाती घ्यायचे असते ते नेमके शरीराचे तापमान तळाला गेलेले असताना, आणि त्याच घटकेला दुसरा, आठ तास जागलेला माणूस त्याला कामाची सूचना देऊन निघत असतो. ही देवाणघेवाण पहाटे चारला व्हावी, हे सोयीसाठी ठरले असेल. सुरक्षिततेचा विचार करून कोणी ही वेळ निवडली नसती. भोपाळची गळती १९८४ मध्ये दोन आणि तीन डिसेंबरच्या मधल्या रात्री झाली, चेर्नोबिलची अणुभट्टी १९८६ मध्ये मध्यरात्रीनंतर दीडच्या आत फुटली. दोन्हीकडे कारणे अनेक होती आणि झोपेवर सगळे ढकलणे चूक ठरेल. पण रात्रीच्या त्या प्रहरात चूक ओळखायला आणि सावरायला माणूस सर्वांत कमी सक्षम असतो, एवढे धरून चाललेच पाहिजे.

बारा ते आठची मधली पाळी झोपेला सर्वांत मानवते. तिची किंमत वेगळ्या खात्यावर पडते: ग्रामसभा, सोसायटीची बैठक, भजन, मुलांचा अभ्यास, सगळे संध्याकाळचे असते.

यात आणखी एक पेच आहे. पाळी एका आठवड्यानंतर बदलली की शरीर नव्या वेळेकडे जेमतेम सरकू लागलेले असते आणि तेवढ्यात पुन्हा उलटे वळावे लागते. बदलायचीच तर पुढच्या दिशेने, पहाटेकडून दुपारकडे आणि दुपारकडून रात्रीकडे बदलावी. उलट दिशेचा बदल शरीराला जास्त जड जातो, कारण उशिरा झोपणे लवकर झोपण्यापेक्षा सोपे असते. ‘सवय झाली की काही वाटत नाही’ असे जुने कामगार सांगतात. त्यांच्या सोसण्याबद्दल आदर ठेवूनही हे म्हणणे मला मान्य नाही. वर्षानुवर्षे फक्त रात्रपाळी करणाऱ्यांतही शरीराचे घड्याळ पूर्णपणे रात्रीला जुळते ते फार थोड्यांचे. सवय होते ती थकव्याची.

आजारांबद्दल नेमकेपणाने बोलले पाहिजे, भीती घालण्यासाठी नव्हे. वीस लाखांवर लोकांच्या नोंदी असलेल्या ३४ अभ्यासांचा एकत्र आढावा २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. पाळीत काम करणाऱ्यांत हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण इतरांपेक्षा सुमारे २३ टक्के जास्त असल्याचे त्यात दिसले. मधुमेह, वाढता रक्तदाब, वजन, उदासी यांचाही पाळीशी संबंध पुन्हा पुन्हा आढळला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये घड्याळ बिघडवणाऱ्या पाळीच्या कामाला ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकले आणि २०१९ मध्ये रात्रपाळीबाबत तोच निष्कर्ष कायम ठेवला. याचा अर्थ रात्रपाळी करणाऱ्या प्रत्येकाला कर्करोग होईल असा मुळीच नाही. पुरावा किती वजनाचा आहे, एवढेच तो गट सांगतो. पण धूळ, आवाज आणि उष्णता यांना आपण कामाच्या जागेवरचा धोका मानतो, तसाच धोका वेळ हाही आहे, हे त्यातून पक्के झाले.

याहून जवळचा धोका घरी परतण्याच्या रस्त्यावर आहे. सतरा तास सलग जागलेल्या माणसाची चपळता, रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी उतरते, हे १९९७ च्या प्रयोगात मोजले गेले. नगर-मनमाड रस्त्यावर हंगामात रात्रभर उसाच्या जोडट्रॉल्या हलत असतात, बऱ्याचदा मागे ना लाल दिवा ना परावर्तक पट्टी. डबल मारून, म्हणजे सलग दोन पाळ्या करून, पहाटे चारला मोटारसायकलवर निघालेला कामगार आणि विझलेल्या दिव्याची ट्रॉली यांची गाठ पडू नये म्हणून आपण काय केले आहे? डुलकी लागली की माणूस ब्रेकही दाबत नाही. ट्रॉलीला पट्टी लावायला आणि पाळी सुटणाऱ्यांसाठी एक गाडी ठेवायला फार मोठा खर्च येत नाही.

कामगाराच्या झोपेची चर्चा करताना दुसरी एक झोप हिशेबातून सुटते, ती घरातल्या बाईची. नवऱ्याची पहाटेची पाळी असली की ती अडीचला उठून डबा करते. तो गेल्यावर धार, सडा, मुलांची तयारी. त्याची रात्रपाळी असली की दिवसभर घर गप्प ठेवण्याचे काम तिचे. तिच्या नावावर एकही पाळी नाही आणि तिन्ही पाळ्यांना ती हजर आहे. ती स्वतः परिचारिका असेल तर बारा तासांची रात्र उरकून आल्यावर तिला झोपू देणारे घर क्वचितच असते. पुरुष दिवसा झोपला तर ‘रात्रपाळी आहे’ म्हणून दार लोटून घेतात; बाई झोपली तर ‘अजून झोपलीच आहे’ म्हणतात. गरोदरपणातल्या रात्रपाळीने गर्भपाताचा धोका वाढतो, असे दाखवणारे अभ्यास आहेत. त्या काळात दिवसपाळी मागणे याला सवलत म्हणू नये. अशीच हिशेबातून सुटलेली झोप ऊसतोडणीच्या टोळीची. गाडी फडात रात्री अकराला येवो की दोनला, मोळ्या तेव्हाच चढवायच्या आणि पहाटे पुन्हा कोयता घ्यायचा. त्यांच्या या कामाला कोणी रात्रपाळी म्हणत नाही, म्हणून त्यासाठी नियमही नाही.

शेतकऱ्याची रात्र अशीच बिननावाची आहे. शेतीपंपाची थ्री-फेज वीज काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, अशी आलटून पालटून येत राहिली. वीज रात्री आली की गहू, कांदा, ऊस यांचे बारे रात्रीच धरावे लागते. डोक्याला बॅटरी बांधून, थंडीत गुडघाभर पाण्यात उभे राहून, सरीमागून सरीला दारे मोडायचे. बांधावर घोणस आणि उसात बिबट्या. सकाळी तोच माणूस कारखान्यात पाळीला जातो, कारण या भागात कामगार आणि शेतकरी ही दोन वेगळी माणसे नसतात. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना राबवली जात आहे. तिच्याकडे बहुतेक जण युनिटच्या आणि अनुदानाच्या आकड्यांतून पाहतात. मला ती आरोग्याची योजना वाटते, आणि ज्या फीडरवर ती अजून पोचलेली नाही तिथे ती पोचवण्याची घाई त्याच कारणासाठी व्हावी.

कायद्याने आपल्याला पुष्कळ दिले, आणि ते फुकट मिळालेले नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे, १८९० मध्ये. १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याचे ४८ तास आणि दिवसाचे ९ तास अशी मर्यादा घातली, जादा कामाला दुप्पट दर दिला. पण तास मोजताना पहाटे तीनचा तास आणि सकाळी दहाचा तास त्या कायद्याने सारखेच धरले. रात्रपाळीवाल्याची साप्ताहिक सुटी त्यात पाळी सुटल्यापासून सलग चोवीस तासांची धरलेली होती. पहाटे चारला सुटलेल्या माणसाच्या सुटीचा पहिला अर्धा दिवस झोपेतच जातो, आणि उरलेल्या अर्ध्यात लग्न, दशक्रिया, दवाखाना आणि शेत बसवायचे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९० मध्ये रात्रीच्या कामावर स्वतंत्र करार केला. रात्रपाळीवाल्याला मोफत आरोग्य तपासणी मिळावी आणि जो रात्रीच्या कामाला अपात्र ठरेल त्याला शक्यतो दुसरे काम द्यावे, असे त्यात सांगितले आहे. सभासदांच्या मालकीच्या, स्वतःचे रुग्णालय शेजारी असलेल्या सहकारी कारखान्यांना हे करायला कोणत्या सक्तीची वाट पाहायची आहे?

पुढच्या प्रकरणांत झोप, आहार, औषधे, वाहन चालवणे, मुलांचे संगोपन आणि कायदा यांची तपशिलात माहिती येईल. त्यातले बरेचसे बिनखर्चाचे आहे. रात्रपाळीला निघण्यापूर्वी तास-दीड तास झोपून घ्यावे. मध्यरात्रीनंतर दोनच्या पुढे चहा टाळावा, कारण त्यातले कॅफीन पाच-सहा तासांनंतरही निम्मे अंगात असते. जागे राहण्यासाठी तंबाखूची चिमूट लावणे तर त्याहून वाईट, ती झोपही नेते आणि तोंडही. मुख्य जेवण निघण्याआधी करावे, पाळीत हलके खावे. झोपायच्या खोलीच्या खिडकीला जाड गोधडी टांगली तरी मोठा फरक पडतो. पण एकट्या कामगाराने हे सगळे पाळूनही, उद्याची पाळी आदल्या रात्री फोनवर कळत असेल तर उपयोग नाही. पाळीपत्रक निदान महिनाभर आधी भिंतीवर लागावे, बदल पुढच्या दिशेने व्हावा, डबल कोणावर लादली जाऊ नये आणि रात्रपाळीत वीस मिनिटे आडवे होण्याला कामचुकारपणा म्हणू नये, एवढी विनंती मी टाइम ऑफिसपासून कार्यकारी संचालकांपर्यंत आणि मेट्रनपासून वैद्यकीय अधीक्षकांपर्यंत सगळ्यांना करतो.

आणि वाचकाला एक सांगणे. मधुमेहाच्या गोळ्या, इन्शुलिन, रक्तदाबाचे आणि फिटचे औषध, या सगळ्यांच्या वेळा दिवसा जागणाऱ्या माणसाला धरून लिहिलेल्या असतात. फिटचा आजार असलेल्याला तर अपुरी झोप हेच झटक्याचे कारण ठरू शकते. डॉक्टर वय विचारतात, व्यसन विचारतात, पाळी बहुधा विचारत नाहीत. तेव्हा पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात की आपण कोणत्या पाळीत काम करता आणि ती किती दिवसांनी बदलते, हे त्यांनी विचारण्याआधी आपणच सांगा, आणि केसपेपरवर लिहून घ्यायला लावा.